विचारून रक्त घेणारा

मिलिंदच्या डाव्या डोळ्याला लागलेला दगड माझ्या हातून सुटला होता, हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. बाबांना नाही, बायकोला नाही. शनिवारी जामसांवलीला मारुतीपुढे हात जोडून उभा राहतो, तेव्हाही एवढं सोडून बाकी सगळं बोलतो. आणि पाहा, पहिल्याच वाक्यात ‘सुटला’ असं लिहून मोकळा झालो. इतकी वर्षं गोष्टी लिहून हाताला सवय लागली आहे, कुठं काय झाकायचं ते तो मला न विचारता झाकतो. दगड सुटला नव्हता. मी नेम धरून मारला होता.

आमचं घर पांढुर्ण्यात, जाम नदीच्या उतारावर. ओसरीवर उभं राहिलं की पलीकडचं सावरगाव दिसायचं, भांडण असेल तर तिकडच्या शिव्याही स्वच्छ ऐकू यायच्या. बाबा एका डॉक्टरांकडे कंपाउंडर होते. घरात दोन शेगड्या, एकीवर वरण शिजायचं आणि दुसरीवर टाक्यांच्या सुया, कात्र्या उकळायच्या. पाण्यात लोखंड खडखडायचं तो आवाज म्हणजे आमच्या घरची सकाळ. माय म्हणायची, “लोकाईच्या घरी चिमणी बोलते, आमच्या घरी कात्री बोलते.” वर्षभर बाबा टाके घालायचे दवाखान्यात, पण पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी घरच दवाखाना व्हायचं, कारण त्या दिवशी गोटमार. नदीच्या मधोमध पळसाचं झाड रोवतात, त्याला झेंडा बांधतात, आणि ते झाड तोडून झेंडा आणेपर्यंत अलीकडचे पलीकडच्यांना आणि पलीकडचे अलीकडच्यांना दगड मारतात. कोण्या काळी इकडचा पोरगा तिकडची पोरगी घेऊन पळाला आणि नदीतच दोघं दगडांखाली सापडले, असं सांगतात. आमच्या गावाची प्रेमकथा एवढीच. दोघं मेले, आणि मारणारे अजून थकले नाहीत.

आदल्या दिवशीच्या पुरणपोळ्या, वडे, कढी उरलेली असायची. त्या ताटांच्या शेजारून फुटलेली डोकी आत यायची. कोणाची कवटी कोथिंबीर भरलेल्या सांबारवडीसारखी उघडलेली, कोणाचे पुढचे दात त्याच्याच मुठीत. बाबा मान वर न करता म्हणायचे, “पुढचा.” मी कंदील, टॉर्च, ट्रे, जे सांगतील ते धरायचो. रक्त डोक्यातून कसं येतं आणि हातातून कसं येतं, वाळताना आधी कडेनं कसं काळं पडतं, हे मला शाळेत बाराखडीबरोबरच कळलं. आजही टिंक्चरचा वास आला की मला पुरणाची भूक लागते. याची लाज वाटते, पण लागते. बाबांचा एक नियम होता. “आपल्या घरचा माणूस टाके घालते, फोडत नाई.” म्हणून नदीकाठी राहूनही वयाच्या विसाव्या वर्षापर्यंत मी गोट्याला हात लावला नव्हता.

मिलिंद सावरगावचा. त्याचे वडील लोकांच्या संत्र्याच्या बागेत तोडणीला जायचे. तो नागपूरला रक्त तपासायचा कोर्स करून आला आणि बाबांच्या दवाखान्याला लागून एक लॅब होती तिथं चिकटला. काम नमुने घेण्याचं. घारे डोळे, लांब बोटं, आवाज असा की दोन हातांपलीकडे ऐकू येऊ नये. दंडाला रबरी नळी बांधली, शीर चाचपली, की तो सुई हातात धरून थांबायचा आणि पेशंटला विचारायचा, “घेऊ का?” रक्त द्यायलाच आलेल्या माणसाला हे कोणी विचारत नाही. म्हाताऱ्या हसायच्या, “घे ना बाबा, त्याच्यासाठीच तं आलो.” मान हलेपर्यंत मात्र त्याची सुई हलायची नाही.

संध्याकाळी तो बाबांना रिपोर्ट द्यायला घरी यायचा, आणि उंबऱ्याबाहेर थांबायचा. पायरीवर. माय त्याला चहा द्यायची तो कोनाड्यातल्या एका वेगळ्या स्टीलच्या ग्लासात. तो ग्लास तो स्वतः नळावर विसळून पालथा ठेवून जायचा. मी माझा कप घेऊन त्याच्याजवळ पायरीवर बसायचो आणि आपण फार मोठे दोस्त आहोत असं मला वाटायचं. त्याला बाहेरची हवा आवडते, असं मी समजत होतो. आता खरं लिहायचं ठरवलंय तर लिहितो. मला सगळं माहीत होतं. ‘आत ये’ हे दोन शब्द उच्चारायला काही लागत नव्हतं, आणि मी ते उच्चारले नाहीत.

त्याच वर्षी मला सौसरला कॉलेजसमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात काम लागलं. सकाळच्या गाडीनं जायचो, संध्याकाळी परत. परीक्षा नसली की दुपारी मशीन गार, मालक घरी जेवायला, आणि बिघडलेल्या कागदांचा गठ्ठा. त्या कागदांच्या पाठकोऱ्या बाजूवर मी लिहायला लागलो. केबलवर तेव्हा हिंदीत बोलणारे इंग्रजी पिच्चर लागायचे, त्यांतून मला तो रक्तपिपासू भेटला होता, गोरा, काळ्या कोटातला, ज्याला बोलावल्याशिवाय घरात पाऊल टाकता येत नाही. आपल्याकडे मुंजे, झोटिंग, हडळी उदंड, पण त्यांच्यावर कोणी प्रेम करील असं त्यांचं वागणं नाही. ते सरळ झाडावरून उडी मारतात. हा मात्र भुकेला असून थांबायचा. मी त्याला संत्र्याच्या बागेत आणून ठेवला, नाव दिलं अमोघ. घारे डोळे दिले. लांब बोटं दिली. नायिकेच्या मानेजवळ ओठ नेऊन तो विचारतो, “घेऊ का?” हे वाक्य लिहिताना आपण काही चोरतोय असं मला क्षणभरही वाटलं नाही.

वंदना बोरगावची, बी.ए.ला होती, नोट्सची झेरॉक्स काढायला यायची. एकदा तिच्या नोट्सच्या गठ्ठ्यात माझी पानं गेली. दुसऱ्या दिवशी काउंटरवर ती पानं आपटून ती म्हणाली, “हे कोनाचं हाय?”

“राहिलं असंल कोनाचं मशीनवर.”

“कोनाचं तरी राहिलं, अन् कान तुहे काऊन लाल झाले?” मग पुढं वाकून, हळू आवाजात, “पुढचं कुठं हाय बे?”

तेव्हापासून दर आठवड्याला मी एक प्रकरण लिहायचो, ती त्याच्या प्रती काढायची, आणि त्या राज्यशास्त्राच्या नोट्समध्ये दडून वर्गभर फिरायच्या. मुली त्याला ‘दातवाला’ म्हणायच्या. “या हप्त्यात दातवाल्यानं काय केलं?” असं बाहेर रस्त्यावर कोणी म्हटलं की मी शटरमागे उगाच टोनर हलवत बसायचो. एकदा मी वंदनाला विचारलंच, की तुम्हाला एवढं काय आवडतं. रक्त पिणारा आहे तो, आपल्याकडे असल्याला झाडाला खिळा ठोकून बांधतात.

“तो थांबते,” ती म्हणाली. “दात हायेत, भूक हाय, घरात दुसरं कोनी नाई, तरी दारात थांबते अन् विचारते. माहा भाऊ कडी न वाजवता आत येते, अन् येता येता चप्पल फेकून मारते. चांगले म्हनवनारे तं कोनी थांबत नाई बाप्पा. थांबला तं हा राक्षसच थांबला.”

“मंग साधा चांगला माणूस लिहितो ना. दात कायले पायजेत?”

“पायजेतच. बिनदाताचा थांबला तं त्यात काय मोठं? त्याची ऐपतच नाई.”

मी नंतर या प्रकारच्या कथांवर पुष्कळ विचार केला आहे, आजही तोच धंदा करतो, पण त्या पोरीनं टोनरच्या वासात उभं राहून जे सांगितलं त्यापुढं माझा विचार गेलेला नाही. आता मी मोबाइलवर, एका बाईच्या नावानं, अशाच मालिका लिहितो. घरी कोणाला माहीत नाही, बायकोला वाटतं मी पेन्शनची कागदपत्रं भरतो. रक्त, पाठलाग, गळ्यावरचे व्रण, सगळं असतं, वाचणाऱ्या बायकांना ते हवंही असतं. पण त्या लिहून कळवतात ते वेगळंच. एकीनं लिहिलं होतं, “आमचे हे दार वाजवत नाहीत.” बस, एवढंच. 

श्रावणात वंदनाला चक्कर यायला लागली, म्हणून मामानं तिला पांढुर्ण्याला बोलावून रक्त तपासून घेतलं. दुसऱ्या दिवशी ती दुकानात आली, कोपराच्या लवणीत कापसाची पट्टी, चेहरा असा फुललेला की मी मशीनचं झाकण उघडंच ठेवलं.

“तुह्या अमोघले भेटून आली मी.”

“कोन अमोघ?”

“नाटक नोको करू. लॅबमंदी बसते तो. सुई हातात धरून मले म्हनते, ‘घेऊ का?’ मले जे हसू आलं! तं म्हनते, ‘हसू नका ताई, शीर हलते.’ मामी म्हने, पोट्टी येडी झाली काय, रक्त देता देता हासून राहिली.” आणि मग ती माझ्याकडे पाहून म्हणाली, “मी समजत होती तू लिहितं. तू तं झेरॉक्स काढली बे. ओरिजनल तिकडं बसून हाय.”

मी हसलो. हसताना जबडा दुखतो हे मला त्या दिवशी कळलं. “त्याले सांगितलं तू?”

“हाव. म्हटलं, प्रभाकरच्या गोष्टीत तुम्ही हाय. वाचाले पन दिली.”

“काय म्हने?”

“वाचली त्यानं. दारात उभा राहाचं ते पान दोनदा वाचलं. मंग म्हने, ‘प्रभाकरनं मले विचारलं नाई.’ बस. मंग पुढच्या पेशंटले बोलावलं.”

ती पुढच्या आठवड्यात पुन्हा रिपोर्टसाठी पांढुर्ण्याला जाणार होती. आता रिपोर्ट मामा आणू शकला असता. मी तिला विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही, पण तिच्या हातात त्या दिवसापासून माझी पानं नसायची. मला वाटतं मला राग दोघांचा नव्हता. मी तयार केलेला माणूस माझ्या हातून उठून चालायला लागला होता, आणि त्यानं माझ्याकडे पाहून म्हटलं होतं, की तू विचारलं नाहीस. पायरीवर बसणाऱ्यानं. एवढी त्याची हिंमत, असं माझ्या मनात आलं होतं, अगदी याच शब्दांत.

पोळा झाला. दुसऱ्या दिवशी दुपारी बाबांनी मला आतून कापूस आणायला सांगितलं आणि मी मागच्या दारानं नदीवर उतरलो. काठावर बायापोरं छपरांवर चढलेली, चंडीमातेचा जयजयकार, ढोल, आणि त्याच्या खालून एक सतत चालणारा आवाज, दगडावर दगड, पाण्यात दगड, मांसावर दगड. मांसावरचा ओला येतो, वेगळा ओळखू येतो. माझ्या शेजारच्या माणसाच्या गालाचं कातडं खाली लोंबलं होतं आणि तो ते एका हातानं वर धरून दुसऱ्या हातानं मारत होता. पळसापर्यंत पोचलेला एक पोरगा कुऱ्हाड उगारतानाच तोंडावर पडला, आणि पडलेल्यावरही गोटे चालूच होते. पाणी गुडघ्याएवढं, पण गढूळ लाल. कोणीतरी माझ्या खांद्यावर थाप मारून ओरडलं, “कंपाउंडरचा पोट्टा आला रे!” आणि हातात गोटा दिला. तो मी टाकून दिला. फार मोठा होता. वाकून मी माझा निवडला, मुठीत बसणारा, एका बाजूनं फुटलेला.

मिलिंद पलीकडच्या काठावर होता. मारत नव्हता. तो कधीच मारायचा नाही, पडलेल्यांना काखेत धरून मागे ओढायचा, हे मला माहीत होतं आणि तो कुठं असेल हेही माहीत होतं. एका पोराच्या डोक्याला रुमाल बांधायला तो वाकला होता. मी हात मागे घेतला तेव्हा त्यानं वर पाहिलं. मला पाहिलं. त्यानं मला नदीवर कधी पाहिलं नव्हतं, म्हणून असेल, त्याच्या भुवया वर गेल्या आणि त्यानं ओळखीचा हात वर केला. मी मारला. तो हात वर असतानाच गोटा लागला. आधी काही झालंच नाही असं वाटलं, मग त्यानं तोच हात खाली आणून डोळ्यावर ठेवला, आणि बोटांच्या फटींतून जे आलं ते नुसतं रक्त नव्हतं.

नदीच्या पुलावरून चौघांनी त्याला उचलून आमच्याकडे आणलं. मी मागच्या दारानं त्यांच्या आधी पोचलो होतो, हातात कापूस होता. त्या दिवशी कोणी उंबऱ्याशी थांबलं नाही, त्याला सरळ माजघरात नेऊन चटईवर निजवलं. बाबांनी टॉर्च टाकला आणि प्रथमच मी त्यांना ‘पुढचा’ न म्हणता गप्प झालेलं पाहिलं. मग म्हणाले, “प्रभ्या, डोकं धर त्याचं. हलू देऊ नको.” मी दोन्ही तळव्यांत त्याचं डोकं धरलं. ते गरम होतं आणि थरथरत होतं. त्यानं चाचपडत माझं मनगट पकडलं.

“कोन हाय?”

“मी.”

“धरून ठेव,” तो म्हणाला.

“कोनाचा गोटा होता?” बाबांनी विचारलं. आणणाऱ्यांपैकी एकजण तोंडावरचं पाणी पुसत म्हणाला, “गोटमारीतला गोटा कोनाचा नसते, भाऊ.” हे आमच्याकडे सगळेच म्हणतात. त्या दिवशी मारणाऱ्याचं नाव कोणी घेत नाही, तक्रार करत नाही, आणि वर्षभराची वैरं लोक त्याच आडून फेडतात. मी लहानपणापासून ते वाक्य ऐकत आलो होतो. ते माझ्यासाठीच करून ठेवलंय हे तेव्हा कळलं. बाबांनी पापणी शिवली. आतलं काही त्यांच्या हातचं नव्हतं. रात्री त्याला नागपूरला नेलं आणि तो एक डोळा घेऊन परत आला. दुसऱ्या दिवशी मायनं माजघर तीनदा धुतलं. रक्तासाठी की आणखी कशासाठी, मी विचारलं नाही.

आणि आता ते सांगतो जे दगडापेक्षाही मला जड जातं. आठ दिवसांत मी पुढचं प्रकरण लिहिलं. गावकरी अमोघला बागेत घेरतात आणि दगडांनी त्याचा डोळा फोडतात, असं. एका बैठकीत, एकही खाडाखोड न करता लिहिलं. आजवर मी याहून चांगलं काही लिहिलेलं नाही. मुली वर्गात रडल्या, प्रती काढून काढून मशीन तापलं, दुकानाच्या मालकानंसुद्धा वाचून “सही लिहिलं रे” म्हटलं. मला बरं वाटलं. त्याचं रक्त मी दोनदा घेतलं, आणि दुसऱ्या वेळी मला वाहवा मिळाली.

वंदनानं ते सगळ्यांत शेवटी वाचलं, काउंटरवर उभं राहूनच. वाचून झाल्यावर तिनं एका ओळीवर बोट ठेवलं.

“दगड लागाच्या आधी तो वर पाहाते अन् ओळखीचा हात करते. हे कोनं सांगितलं तुले?”

“गोष्ट हाय ती. सुचलं.”

“मी दवाखान्यात जाऊन आली त्याच्याकडं. त्याले काहीच आठवत नाई म्हने, वाकला होता एवढंच.” बोट त्या ओळीवरून हललं नाही. “तुले काही सुचत नाई प्रभाकर. तू पाहिल्याबिगर एक ओळ लिहित नाई.”

मी मशीनचं बटण दाबलं. काचेवर कागद नव्हता, तरी उजेड एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत गेला आणि कोरं पान बाहेर आलं. ती पानं तिथंच ठेवून ती गेली. तिनं ते कोणाला सांगितलं नाही, नाहीतर माझ्यापर्यंत आलं असतं. पुढच्या वर्षी तिचं लग्न होऊन ती बैतूलकडे गेली, एवढंच कळलं. मिलिंदला लॅबवाल्यानं महिनाभरानं काढलं. एका डोळ्याच्या माणसाकडून सुई टोचून घ्यायला लोक घाबरतात म्हणाला. आमच्या पायरीवर तो पुन्हा आला नाही, आणि वर्षभरानं मी दुकान सोडून सौसरलाच कारकुनीला लागलो.

त्याला खरंच आठवत नाही, की त्यानं तिला तसं सांगितलं, हा प्रश्न मी इतकी वर्षं उराशी धरून बसलो आहे. कधी वाटतं, मनगट पकडलं तेव्हाच त्याला माहीत होतं. कधी वाटतं, असं मानणं ही माझीच सोय आहे, म्हणजे सांगायला नको. माझ्या प्रत्येक मालिकेतल्या नायकाचा डावा डोळा गेलेला असतो. वाचक विचारतात, मॅडम, हा असा का? मी हसरं तोंड पाठवतो.

मिलिंद आता सावरगावात शाळेच्या पोरांसाठी लहानसं दुकान चालवतो, वह्या, पेन, गोळ्या. बायको आहे, दोन मुली आहेत, थोरली नर्सिंगला. सौसरहून तासाभराचा रस्ता आहे आणि गाड्या दिवसभर असतात. हे प्रकरण छापायला देण्याआधी त्याच्यासमोर बसून, पहिल्या ओळीपासून, त्याला मोठ्यानं वाचून दाखवणं आणि छापू का असं विचारणं, एवढं मी त्याचं देणं लागतो. तो नाही म्हणाला तर हे फाडायचं. अजून गेलेलो नाही.